मिनी ट्रॅक्टरचा क्लच: झीज वेळेत ओळखा, ट्रॅक्टर फोडायची वेळ लांबवा

द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत चालणारा मिनी ट्रॅक्टर जेवढ्या वेळा थांबतो आणि पुन्हा निघतो, तेवढ्या वेळा मोकळ्या रानात नांगरट करणारा मोठा ट्रॅक्टर थांबत नाही. हिशोब करून बघा. नऊ फुटी ओळींच्या एका एकरात ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट भरते. ओळ २०० फुटांची धरली तर एकरी २४ ओळी, म्हणजे २४ वळणे. पाच एकर बागेला एक फवारणी घ्यायची तर वळणे होतात १२०. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या) भीतीने फवारणीवर फवारणी चालू असते. प्रत्येक वळणावर पाय क्लचवर जात असेल तर ती सगळी झीज एकाच प्लेटवर पडते.

प्लेट तशी फार महागडी वस्तू नाही. महाग पडते ती मजुरी आणि खोळंबा. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतो, त्यामुळे तिथपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग वेगळा करावा लागतो. ऐन फवारणीत हे काम निघाले तर दुसऱ्याच्या ब्लोअरची (पंख्याने औषध फवारणाऱ्या यंत्राची) वाट बघत बसायची वेळ येते. पण क्लच एका दिवसात जात नाही. तो आधी बरेच दिवस पेडलमधून सांगत असतो, आणि ते मोजायला एक फूटपट्टी पुरते. नुकताच मिनी घेतलेल्यांनी, नवा असो की जुना, आधी हे मोजमाप शिकून घ्यावे.

आत काय असते

इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरते. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी स्प्रिंगवाली प्रेशर प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लायनिंग रिवेट मारून बसवलेले असते; बरेच मेकॅनिक त्याला लेदर म्हणतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटच्या फिंगरना (बोटांसारख्या पट्ट्यांना) ढकलते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडले की प्लेट पुन्हा घट्ट धरली जाते.

पेडल पूर्ण सुटलेले असताना प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे घासाघीस नाही आणि झीजही नाही. पेडल पूर्ण दाबलेले असताना प्लेट मोकळी असते, तेव्हाही ती झिजत नाही, फक्त रिलीज बेअरिंग काम करत असते. प्लेट झिजते ती मधल्या अवस्थेत, जेव्हा इंजिन एका वेगाने आणि चाके दुसऱ्या वेगाने फिरत असतात. क्लच वाचवायचे सगळे उपाय ही मधली अवस्था कमी करण्याचे आहेत.

मिनीमध्ये काही मॉडेलांना सिंगल क्लच असतो, काहींना डबल. सिंगलमध्ये पेडल दाबले की चाके आणि पीटीओ (मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) दोन्ही थांबतात. डबलमध्ये पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. तुमच्या ट्रॅक्टरला कोणता आहे ते पुस्तिकेत बघून घ्या, कारण चालवायची पद्धत त्यावर ठरते.

पहिले काम: पेडलची मोकळी चाल मोजा

पेडल दाबायला लागल्यावर सुरुवातीला ते अगदी हलके जाते, जोर लागत नाही. मग एका ठिकाणी जड लागते. त्या हलक्या अंतराला मोकळी चाल किंवा नुसते ‘प्ले’ म्हणतात. रिलीज बेअरिंग आणि फिंगर यांच्यात ठेवलेली फट पेडलवर अशी दिसते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. पेडलच्या खालचा चिखल खरवडून काढा, कारण तिथे वाळलेला गोळा असेल तर माप चुकते. पेडलच्या बाजूला पट्टी उभी धरा. पट्टी दाबायच्या दिशेतच हवी, तिरकी नको. पेडल पूर्ण वर असताना त्याच्या कडेचा आकडा बघा. आता पायाने नको, हाताने पेडल दाबा. पायाला जोर किती लागला ते नीट कळत नाही. जड लागायला सुरुवात होईल तिथे थांबा आणि दुसरा आकडा बघा. दोन आकड्यांतला फरक ही मोकळी चाल. मनाचे समाधान होईपर्यंत दोन-तीनदा मोजा.

बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत ही चाल साधारण २० ते ३० मिमी ठेवायला सांगतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तोच धरायचा.

आता यातली खरी गोम. लायनिंग झिजून प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची टोके उलट बाजूला, म्हणजे बेअरिंगकडे येतात. फट कमी होते आणि पेडलची चाल घटते. म्हणजे पेडलची चाल घटली तर आत प्लेट झिजली आहे. चाल शून्यावर आली तर बेअरिंग कायम फिंगरवर टेकून राहते, प्रेशर प्लेट पूर्ण दाब देऊ शकत नाही आणि क्लच स्लिप मारायला, म्हणजे घसरायला लागतो. स्लिपमुळे उष्णता, उष्णतेमुळे आणखी झीज. वेळेत चाल लावून घेतली असती तर जी प्लेट आणखी हंगाम चालली असती, ती अशी थोड्या दिवसांत संपते. मला वाटते, अकाली फोडल्या गेलेल्या ट्रॅक्टरांत या एका दुर्लक्षाचा वाटा मोठा असतो.

म्हणून दर महिन्याला, आणि फवारणीच्या हंगामात दर पंधरवड्याला, चाल मोजून वहीत लिहा. शेजारी मीटरवरचे तास लिहा. २८, २६, २५ असे आकडे सावकाश उतरत असतील तर झीज नेहमीची आहे. एका पंधरवड्यात आठ-दहा मिमीने घसरले तर चालवण्यात किंवा जोडणीत काहीतरी बिघडले आहे, ते शोधा.

चाल लावून घेणे

पेडलपासून क्लच फोर्ककडे जाणारा रॉड शोधा. त्यावर आट्यांचा भाग आणि चेक नट असतो. चेक नट ढिला करा, रॉड किंवा त्यावरचा ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा पट्टीने मोजा. कुठल्या बाजूला फिरवल्यावर चाल वाढते ते मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून पहिला अर्धा फेरा हा अंदाजाचा. माप बसले की रॉड धरून ठेवून चेक नट कसा, नाहीतर कसताना माप हलते. मग इंजिन चालू करून गिअर टाकून बघा.

रॉडच्या पिना आणि त्यांची भोके झिजून ढिली झाली असतील तर चाल खोटी दिसते: पट्टीवर २५ मिमी, पण त्यातले निम्मे पिनांचे ढिलेपण. पेडल हाताने बाजूला हलवून बघितले की लगेच कळते. अशा पिना आधी बदला. आणि रॉडच्या आट्या संपल्या, आणखी लावायला जागाच राहिली नाही, तर प्लेटचे आयुष्य संपले असे समजा. काही जण अशा वेळी रॉड वेल्डिंगने बदलून थोडी चाल मिळवतात. तसे करू नका. लायनिंग संपून रिवेट फ्लायव्हीलला घासायला लागले की फ्लायव्हीलवर चरे पडतात आणि खर्च वाढतो.

डबल क्लचमध्ये पीटीओच्या प्लेटचे वेगळे ॲडजस्टमेंट असते, आतल्या बोल्टांवर. ते मेकॅनिककडूनच करून घ्या.

लक्षणांवरून ओळखणे

क्लच लागत नाही, म्हणजे स्लिप मारतो. भार आला की इंजिनचा आवाज चढतो पण ट्रॅक्टरचा वेग तेवढा वाढत नाही, उलट मंदावतो. सुरुवातीला हे फक्त चढावर, भरलेल्या ट्रॉलीला किंवा वरच्या गिअरमध्ये जाणवते. रिकामा ट्रॅक्टर छान पळतो, म्हणून अनेकांना शंकाच येत नाही. पुढे करपल्याचा वास येतो.

याच्याशी दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे इंजिनच कमजोर पडणे. एअर फिल्टर किंवा डिझेल फिल्टर तुंबला असेल तरी ट्रॅक्टर ओढत नाही. पण तेव्हा भाराखाली इंजिनचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) खाली येतात, आणि एअर फिल्टर तुंबला असेल तर काळा धूरही दिसतो. क्लच स्लिप मारताना आरपीएम उतरत नाहीत. दुसरी, चाके घसरणे. ओल्या बागेत मागची चाके जागेवर फिरत असतील तर दोष क्लचचा नाही. बाजूला कुणाला तरी लांब उभे करून चाकाकडे बघायला सांगा: चाक फिरतेय का, की इंजिन ओरडतेय आणि चाक थांबलेय?

क्लच सुटत नाही. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, ट्रॅक्टर पुढे सरकू पाहतो. पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खरखर असेल तर आतली प्लेट अजून फिरते आहे. आधी चाल मोजा, ती फार जास्त असेल तर लावून बघा. माप बरोबर असेल तर वाकडी झालेली प्लेट, गंजून चिकटलेली प्लेट, वरखाली झालेल्या फिंगर किंवा जाम झालेले पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक धरणारे) ही कारणे उरतात, आणि त्यांना ट्रॅक्टर उघडावाच लागतो.

ट्रॅक्टर धक्के देत, थरथरत निघत असेल तर लायनिंगवर ऑइल आले असावे किंवा फ्लायव्हील तापून त्यावर निळसर डाग पडलेले असावेत.

आवाज कधी येतो यावरूनही बरेच कळते. पेडलवर हलका दाब देताच किर्र आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबलेले असतानाच येत असेल तर पायलट बेअरिंगवर संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघायला सांगा.

खात्रीची चाचणी

स्लिपची शंका असेल तर ही चाचणी करा. जागा मोकळी आणि सपाट हवी, पुढे-मागे माणूस, जनावर, भिंत काही नको. इंजिन गरम असू द्या. पीटीओ न्यूट्रलला. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडून घ्या, हँडब्रेक ओढा आणि ब्रेक पायाने दाबूनही धरा. इंजिन १,५०० आरपीएमच्या आसपास ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा.

क्लच चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडते. पेडल पूर्ण सुटले तरी इंजिन चालूच राहिले तर क्लच स्लिप मारतो आहे. लगेच पेडल दाबा आणि गिअर काढा. दोन सेकंदांपेक्षा जास्त तसे धरू नका आणि चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, कारण तिच्यामुळेही लायनिंग जळते. जुना मिनी विकत घेताना ही एक चाचणी जरूर करा. मालक नको म्हणत असेल तर तेही लक्षात घ्या.

खालचे छोटे भोक

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या हाउसिंगला, जिथे क्लच असतो, खाली बहुतेक वेळा एक छोटे भोक असते. त्यात कधी कधी कॉटर पिन लोंबते. आत आलेले ऑइल बाहेर पडावे यासाठी ते असते. महिन्यातून एकदा तिथे बोट फिरवा. कोरडी काळपट धूळ दिसली तर ठीक. ऑइलचा थेंब लोंबत असेल तर क्रँकशाफ्टचा मागचा सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गळतो आहे. ऑइल काळे आणि पातळ असेल तर ते बहुधा इंजिनचे. फिकट, जाडसर असेल तर गिअरबॉक्सचे. ऑइल प्यायलेले लायनिंग धुऊन किंवा घासून पुन्हा पहिल्यासारखे होत नाही; प्लेट बदलावीच लागते. आणि सील तसाच ठेवून नवी प्लेट टाकली तर तीही खराब होणार. हे भोक चिखलाने बुजू देऊ नका. ट्रॅक्टर धुताना प्रेशरचे पाणीही तिथे मारू नका.

झीज होते कुठे, आणि थांबवायची कशी

सगळ्यात जास्त झीज ओळीच्या टोकाला होते. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर ब्लोअर लावला की पेडल दाबताच पंखाही मंदावतो. तो पुन्हा चढेपर्यंत पहिल्या दोन-तीन झाडांवर औषध नीट जात नाही, म्हणून चालवणारा पेडल अर्धे दाबून पंखा चालू ठेवतो आणि तसाच वळतो. मागे ६०० लिटरची भरलेली टाकी, म्हणजे नुसते पाणीच सहाशे किलो, आणि इंजिन पीटीओच्या वेगाला. हाफ क्लचमध्ये याहून वाईट परिस्थिती नाही.

यावर उपाय असा: ज्या गिअरमध्ये ओळ फवारता, त्याच गिअरमध्ये क्लचला पाय न लावता वळता यायला हवे. ओळ संपली की स्प्रेचे व्हॉल्व्ह बंद करा, थ्रॉटल थोडा कमी करा, वळा, ओळीत शिरताना थ्रॉटल परत जागेवर आणा आणि मग व्हॉल्व्ह उघडा. थ्रॉटल कमी केल्याने वळताना वाकलेल्या पीटीओ शाफ्टच्या जॉइंटवरचा ताणही उतरतो. यासाठी बांधाकडची जागा पुरेशी रुंद लागते. नवी बाग लावणाऱ्यांनी टोकाला आणखी एक वेल बसवायचा मोह टाळून ट्रॅक्टर एका दमात वळेल एवढी जागा सोडावी. जागा कमीच असेल आणि रिव्हर्स घ्यावाच लागत असेल तर पूर्ण थांबा, पेडल पूर्ण दाबा, गिअर टाका, पेडल पूर्ण सोडा. पेडल पूर्ण दाबल्यावरही जड पंखा आपल्या वेगाने फिरत राहून गिअरबॉक्समार्फत ट्रॅक्टरला क्षणभर पुढे ढकलू शकतो, म्हणून सिंगल क्लचवर ओव्हररनिंग कपलिंग (एकाच दिशेने ताकद देणारा जोड) लावलेले चांगले, आणि ब्रेकवर पाय तयार ठेवलेला आणखी चांगला.

गाडी पगारी ड्रायव्हर चालवत असेल तर त्याला नुसते ‘हाफ क्लच मारू नको’ सांगून उपयोग नाही. कोणत्या गिअरमध्ये किती आरपीएमवर फवारायचे, वळताना काय करायचे, हे एकदा त्याच्याबरोबर बागेत जाऊन ठरवा.

पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवयही अशीच घातक. पायाच्या वजनानेच मोकळी चाल संपते आणि बेअरिंग फिंगरवर टेकते. गिअर बदलून झाला की पाय फूटबोर्डवर. चढावर ट्रॉली घेऊन थांबायचे असेल तर ब्रेकवर थांबा, क्लचवर तोलून धरू नका. आणि निघताना खालच्या गिअरमध्ये निघा; वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल वाढवून ओढून काढायचा अट्टहास प्लेटला भारी पडतो.

पीटीओ लावताना इंजिन कमी आरपीएमवर ठेवा, पेडल पूर्ण दाबा, लिव्हर टाका, पेडल सावकाश पण न रेंगाळता सोडा, आणि मग थ्रॉटल वाढवून पीटीओ ५४० आरपीएमवर न्या. रोटाव्हेटर जमिनीत रुतलेला असताना पीटीओ लावायचा नाही. आधी थोडा उचला, फिरू द्या, मग चालत्या ट्रॅक्टरवर खाली सोडा. छाटणीच्या काड्या आणि तारा रोटरला गुंडाळल्या असतील तर इंजिन बंद करून, किल्ली काढून त्या कापून टाका. रोटाव्हेटरची रुंदीही इंजिनच्या ताकदीप्रमाणे असू द्या. २०-२५ एचपीच्या मिनीला तीन ते चार फुटी पुरे. पीटीओ शाफ्टचा शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्याच्या जागी जास्त ताकदीचा बोल्ट टाकणारे बरेच दिसतात. बोल्ट तुटतो तो आतले सामान वाचावे म्हणूनच. जसा आहे तसाच बदला.

पावसाळ्यात ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहणार असेल, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. आठ-दहा दिवसांनी इंजिन चालू करून क्लच काही वेळा दाबा, थोडा फिरवा. लांब मुदतीसाठी उभा करायचा असेल तर अनेक पुस्तिका पेडल दाबून अडकवून ठेवायला सांगतात. तुमच्या ट्रॅक्टरला तसा हूक किंवा कडी आहे का बघा.

ट्रॅक्टर फोडायचाच झाला तर

तिथे हजर राहा. जुनी प्लेट हातात घेऊन बघा. रिवेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागापासून ०.३ मिमीपर्यंत आली असतील तर प्लेट संपली. तिच्यावर ऑइलचा डाग असेल तर कोणता सील गळला ते आत्ताच शोधायला सांगा. मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात का, स्प्लाइन (प्लेटच्या मधल्या भोकातले दाते) झिजलेत का, तेही बघा.

नवी प्लेट टाकताना रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील त्याच वेळी बदला. ते अजून बरे दिसत असले तरी बदला, कारण यांपैकी एक जरी पुढच्या वर्षी गेले तरी सगळी मजुरी परत द्यावी लागेल. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुवू देऊ नका, आतले ग्रीस निघून जाते. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून घ्यावा लागेल किंवा भाग बदलावा लागेल. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसट लावायचे. जास्त लावले तर ते फिरताना उडून लायनिंगवर जाते. प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट वापरतात का बघा. सगळ्या फिंगर एका उंचीला लावलेल्या हव्यात. आतली धूळ हवा मारून उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

नवी प्लेट बसल्यावर पहिले काही दिवस भरलेली ट्रॉली आणि खोल रोटाव्हेटर टाळा. लायनिंग बसेपर्यंत चाल थोडी लवकर बदलते, म्हणून ती पहिल्या दिवशी मोजून लिहा, दहा तासांनी पुन्हा मोजा आणि पन्नास तासांनी लागली तर लावून घ्या.